देवरावभाऊ आणि सर्वोत्कृष्ट कुटुंब

टीव्हीवर मालिकांचा पुरस्कार सोहळा असला की देवरावभाऊ सूट घालतात. कुठं जायचं नसतं. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खुर्चीत, टीव्हीसमोर बसायचं असतं. त्यासाठी सूट, टाय आणि दारातच काढून ठेवायचे असले तरी पॉलिश केलेले बूट.

"तिथं सारे सुटाबुटात येऊन बसले असते," ते म्हणतात, "आन् आपण बनियनवर बसाव? सीधी गोष्ट हाय, हा त्यायचा अपमान हाय."

"भाऊ, त्यांना आपण दिसत नाही," असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"देवालेबी दिसतो का नाई, कोनाले मालूम? मंग देवळात काय बिना आंघोळीचं जातं काय तू?"

मी देवळातच जात नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच तो दाखला.

सिंदी रेल्वे या आमच्या गावच्या बाजारात त्यांचं ताडपत्री, दोर आणि बारदान्याचं दुकान आहे. दुकानात माणूस एकदम कडक. गिऱ्हाइकानं ताडपत्रीला दोनदा बोट लावून पाहिलं की म्हणतील, "लुगडं घेऊन राह्यला काय?" पण संध्याकाळी शटर पडलं की हाच माणूस मालिकेतल्या थोरल्या सुनेसाठी डोळे पुसत बसतो. सूट धाकट्या भावाच्या लग्नात शिवलेला. आता कोटाच्या दोन बाजू एकमेकींना भेटत नाहीत. "आजकाल हिरो लोक बटन लावतच नाई," हा त्यावरचा खुलासा.

सोहळ्याच्या दिवशी दारापासून खुर्चीपर्यंत ताडपत्री अंथरलेली असते. लाल मिळाली नाही म्हणून निळी. पाय ठेवला की ती अशी करकरते की शेजारच्या गल्लीत कळावं, पाहुणे आले. मी सरळ आत जाऊ लागले की ते हात आडवा करतात. "थांब. फोटोवाले असतात इथं." मग मी, जिच्या घरात चपात्यांपेक्षा पत्रकांच्या घड्या जास्त घातल्या गेल्या, ती हमाल संघटनेच्या माणसाची मुलगी, निळ्या ताडपत्रीवर उभी राहून अदृश्य कॅमेऱ्याकडे बघते. याला मी अजूनही तत्त्वच्युती मानत नाही. यजमानाचा मान म्हणते.

मालिकांबद्दल माझं मत मी त्यांच्यापासून कधी लपवलेलं नाही. ज्या घरात सून वर्षानुवर्षं रडते, नोकराला आडनाव नसतं आणि पुरुष कोणता धंदा करतात हे कुणालाच सांगता येत नाही, ते घर रोज रात्री आदर्श म्हणून आपल्या डोक्यात भरलं जातं. हे मी त्यांना तावातावानं सांगते. ते शांतपणे ऐकून घेतात. मग म्हणतात, "झालं भाषण? जाहिरात संपली. आता चूप बस."

यंदा मात्र प्रकरण साधं नव्हतं. त्यांच्या लाडक्या मालिकेतलं निंबोरकर कुटुंब दरवर्षी 'सर्वोत्कृष्ट कुटुंब' या पुरस्कारासाठी नामांकनात यायचं आणि दरवर्षी पडायचं. आता मालिकाच संपणार होती. म्हणजे ही शेवटची संधी. त्यात समोर कोण, तर ज्या घरात सासू सुनेच्या दुधात गोळ्या कालवते, ते कुटुंब.

"ते कुटुंब हाय काय?" देवरावभाऊ दुकानात उभे राहून विचारायचे. "ते तं पोलीस केस हाय."

मतदान फोनवरून होतं. भाऊंनी कंबर कसली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला नियम एकच, आधी मत, मग ताडपत्री. नालवाडीच्या मामेबहिणीला फोन गेला, बोरगाव मेघेच्या मावसभावाच्या मुलाचा कुणी मित्र होता त्यालाही गेला. मी म्हटलं, "भाऊ, ही जबरदस्ती आहे. असं घेतलेलं मत मत नसतं."

"काऊन वं लीडर, तुह्या बाबाच्या मोर्चात सारे का आपखुशीनं येते? अर्धे तं चहासाठी येते."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण त्यांनी कागद पुढं सरकवला. "तू एक पत्रक लिहून देजो. तुले येते ते."

मला एकाच तऱ्हेचं पत्रक लिहिता येतं. मी लिहिलं, 'सिंदीकर बंधू-भगिनींनो, निर्णायक क्षण आला आहे. वर्षानुवर्षं डावलल्या गेलेल्या निंबोरकर कुटुंबाला न्याय मिळालाच पाहिजे.' पुढं ओघात शोषण, मूठभरांची मक्तेदारी वगैरे येऊन गेलं. भाऊंनी चष्मा लावून वाचलं. "शोषण काढ. तिथं सोज्वळ टाक." मी काढलं नाही. शेवटी दोन्ही राहिले आणि पिवळ्या कागदावर छापलेलं ते पत्रक बाजारभर वाटलं गेलं.

रविवारी संध्याकाळी मी करकरत आत गेले तेव्हा भाऊंचा टाय घट्ट होता आणि चेहरा त्याहून घट्ट. चिवड्याची थाळी तयार होती, पण विजेते मंचावर असताना खायचं नाही, हा नियम.

इथं त्यांच्या घराबद्दल सांगायला हवं. पूर्वी हे एकच मोठं घर होतं. आई-वडील लवकर गेले. भाऊंनी आधी धाकट्या अशोकला शिकवलं, मग त्याचं लग्न लावलं आणि त्या गडबडीत स्वतःचं राहूनच गेलं. पुढं कशावरून तरी दोघांत बिनसलं. कशावरून, ते आता दोघंही वेगवेगळं सांगतात. बैठकीच्या मधोमध चार इंची भिंत आली. अशोक, त्याची बायको शोभा, मुलं, सगळे पलीकडे. अलीकडे देवरावभाऊ आणि टीव्ही. दोघे भाऊ बोलत नाहीत.

भिंत पातळ, ही एक अडचण. दुसरी त्याहून मोठी. अशोककडे केबल आहे, भाऊंकडे छपरावरची डिशची छत्री. पलीकडचा टीव्ही इकडच्यापेक्षा चार-पाच सेकंद पुढं धावतो. त्यामुळे अलीकडे निवेदिका अजून पाकीट उघडत असते आणि भिंतीतून टाळ्या येतात, नाहीतर "हट्" असा सामुदायिक निषेध येतो.

त्या दिवशीही तेच चाललं होतं. सर्वोत्कृष्ट खलनायिका. इकडे पाकीट हातात, तिकडून शिट्टी. "झालं," भाऊ म्हणाले, "भेटलं थ्या गोळ्यावालीले." आणि खरंच तिलाच मिळालं. सर्वोत्कृष्ट आजोबा. भिंतीतून हळहळ. भाऊंनी आवाज वाढवला. भिंतीनंही वाढवला. "पाह्यलं? याले म्हणते दुश्मनी. माणसाले साधं धडधडूबी देत नाई."

"तुम्हीही केबल घ्या ना."

"केबलवाला त्याचा दोस्त हाय. मी त्याच्या दोस्ताच्या दारात जाऊ?"

मग आलं सर्वोत्कृष्ट कुटुंब. भाऊ खुर्चीच्या काठावर सरकले. नामांकनं दाखवली. निंबोरकर मंडळी जेवणाच्या लांब टेबलाशी हसत बसलेली दिसली आणि भाऊंनी नकळत हात जोडले. मीही चिवड्याची मूठ तशीच धरून ठेवली. सांगायला लाज वाटत नाही, मला ते कुटुंब जिंकायला हवं होतं. निवेदिकेनं पाकीट घेतलं.

भाऊंनी कान भिंतीकडे केला.

भिंत गप्प होती. टाळी नाही, शिट्टी नाही, हळहळही नाही.

"पडले," भाऊ हळूच म्हणाले. "जितले असते तं शोभा वरडलीच असती." त्यांनी टाय सैल केला. एका बाहीतून हातही काढला. "जाऊ दे. सीधी गोष्ट हाय, चांगल्या लोकायले..."

"निंबोरकर कुटुंब," टीव्ही म्हणाला.

पुढच्या मिनिटाचा अहवाल नीट देता येणार नाही. भाऊ उठले, रिकामी बाही हवेत फिरली, चिवड्याची थाळी ताडपत्रीवर सांडली. त्यांनी अशी शिट्टी मारली की मला वाटलं स्टेशनवरची गाडी सुटेल. माझा हात धरून त्यांनी मला जोरजोरात हलवलं, जणू निवडून मीच आले होते. "लीडर, तुह्यं शोषण लागलं कामाले," ते म्हणाले. मंचावर निंबोरकर रडत होते, इकडे भाऊ रडत होते, आणि मी पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीचा विचार करत होते.

मग ते एकदम थांबले. भिंतीकडे बघत राहिले.

"तिकडून आवाज काऊन नाई आला?"

"टीव्ही बंद केला असेल."

"आत्तालोक तं चालू होता. कोनाची तबेत गिबेत..." त्यांनी दाराकडे हात केला. "जा वं, पाहून ये. मी पाठवलं म्हणून सांगू नोको."

मी पलीकडे गेले. दार उघडंच होतं. अशोकभाऊ टीव्हीसमोर उभे, बोट ओठांवर. शोभावहिनींनी पदर तोंडात कोंबलेला. मुलं दोन्ही हातांनी तोंड दाबून, लाल होऊन बसलेली. टीव्ही चालू, आवाज बंद.

"पाह्यलं काय दादानं?" अशोकभाऊंनी कुजबुजत विचारलं. "शिट्टी तं आयकू आली. पन त्यायच्या टीव्हीवर आलंच ना?"

"आलं. नाचताहेत."

त्यांनी बोट खाली घेतलं आणि त्या खोलीत जो कल्ला झाला, तो भिंत काय अडवणार.

"दरसाल आमच्यापाई त्यायले आधीच समजून जाते," अशोकभाऊ म्हणाले. "हे एक तरी त्यायले त्यायचं त्यायले समजाव म्हटलं."

मी परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. भाऊंनी कोटाची बाही पुन्हा घातली. टायची गाठ वर सरकवली. मग म्हणाले, "तू गेलतीस तं मले गमतच नोतं, एकलं वाटे इथं. एवढं जितलो आन् सांगाव कोनाले?"

थोड्या वेळानं त्यांनी रिमोट उचलून आपल्या टीव्हीचा आवाज पार बंद केला. खुर्ची उचलली आणि भिंतीला लावून बसले. शेवटचा पुरस्कार राहिला होता, सर्वोत्कृष्ट मालिकेचा. आमच्या पडद्यावर निवेदिका नुसतीच ओठ हलवत मंचावर आली आणि पाकीट हातात धरून हसली.

पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. देवरावभाऊ उठून उभे राहिले आणि भिंतीकडे तोंड करून त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवू लागले. मीही वाजवू लागले. कुणाला मिळालं, ते आम्हा दोघांनाही अजून माहीत नव्हतं.