वामनरावांचा नवाकोरा अंगठा

ठिबकच्या अनुदानाचा फॉर्म सेंटरवर न जाता घरीच, मोबाइलवर भरायचा असं बाळापूरच्या वामनरावांनी ठरवलं आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. (ज्या नवऱ्याला स्वतःचा टॉवेल सापडत नाही, त्याला सरकारी वेबसाइट मात्र सापडते!)

बायको सत्यभामा भेंडी-वांग्याला पाइप ओढून वाकली होती. "ठिबक आलं तं माहे खांदे वाचतीन," एवढंच ती म्हणाली.

फॉर्म मारुतीच्या शेपटासारखा लांबत गेला. नाव, गाव झोकात झालं. मग आली पिकाची माहिती. वामनरावांनी घरामागच्या वावराकडं तोंड करून हाक मारली, "सत्यभामाऽ, आपली भेंडी कधी लावली वं?"

"पोळ्याच्या मागं!"

"अन् विहीर कोणत्या बाजूले?"

"अवो, रोज आंघोळीले कुठं जाता तुमी?"

उत्तर येईस्तोवर वेळ संपून पान बंद. पुन्हा नाव, गाव! असं करता करता शेवटची तारीख उजाडली आणि मुकाट्यानं दोघं, गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या उज्माच्या सेंटरवर गेली.

वावर दोघांच्या नावावर, म्हणून अंगठेही दोघांचे. रांगेत बायाच बाया. मशीन कोणाचाच अंगठा घेईना. वामनरावांनी ठेवला आणि पहिल्या फटक्यात टिंग!

"पाहा, मशीन माणूस ओळखते!"

"काऊन नाई ओळखणार?" रांगेतली शेजारीण पार्वताबाई बोलली. "अंगठा नवाकोरा आहे. वापरला कुठं आजपर्यंत?"

रांग खदखदली. सत्यभामा हसली नाही. भेंडी तोडून, राखेनं भांडी घासून तिची बोटं पाटीसारखी सपाट झालेली. मशीननं एकही घेतलं नाही. तिनं हात पदराखाली लपवला. इतक्या वर्षांच्या संसारात तो हात आपण कधी पाहिलाच नाही, हे कळून वामनरावांचे कान तापले. मान वर करवेना.

तेवढ्यात साइटच बसली. फार ओरड झाली, तेव्हा आठवडाभराची मुदत वाढली.

"काकू, तोवर राख, पाणी, भेंडी एकदम बंद," उज्मानं बजावलं. "ठसे वापस येतात. काम काका करतीन. नाई का, काका?"

काका कामाला लागले. त्यांनी भेंडी तोडली, अंगभर खाजवलं, भांडी घासली. लोकांनी पाहू नये म्हणून धुणं दार लावून आपटलं, तर आवाजानं गल्ली गोळा झाली! ओट्यावर हातांना तेल चोळत सत्यभामा सांगायची, "जून भेंडी येगळी काढा. कोवळीत मिसळू नका."

आठवड्यानं त्याच रांगेत, पार्वताबाईच्या पुढं, सत्यभामेनं भीतभीत अंगठा ठेवला. टिंग! तिचे डोळे भरून आले. मागच्या वेळी साइट बसल्यामुळं वामनरावांचाही अंगठा पुन्हा हवा होता. त्यांनी ऐटीत ठेवला. मशीन गप्प. लिंबू चोळलं, फडक्यानं पुसला. गप्पच!

"काका, तुमचा उठून नाई राहिला."

वामनरावांची छाती फुगली. "ऐकलं का पार्वताबाई? झिजला!"

उज्मा एकेक बोट ठेवून पाहत गेली. एकही लागेना. प्रत्येक बोटासरशी वामनराव इंचभर उंच होत होते. शेवटी राहिली करंगळी. ती ठेवली मात्र, टिंग! फॉर्म गेला.

पार्वताबाईनं कपाळाला हात लावला. "घ्या! बाकीची बोटं सत्यभामेवर गेली, हे एकच वामनरावावर गेलं!"