दलसू अस्वलाची पिवळी गोळी

एका जंगलात, बाळांनो, दारू कुणीच पीत नसे. सगळे फक्त मोहाची फुलं खात. ती फुलं आठ दिवस डबक्यात भिजलेली असली, तर तो दोष डबक्याचा.

त्या जंगलात दलसू नावाचं एक अस्वल राहायचं. त्याच्या बायकोचं नाव मैनी.

एकदा पोळ्यात तोंड घातल्यामुळे दलसूला दीडशे मधमाश्या चावल्या. अंगभर गांधी उठल्या. पाठ घासून घासून त्याने तीन झाडं आडवी केली. शेवटी मैनीने त्याला डॉक्टर साळूबाईंकडे नेलं. साळूबाई म्हणजे साळिंदर. त्यांच्या सुया त्यांच्या पाठीवरच असत, त्यामुळे पेशंट सहसा वाद घालत नसत.

साळूबाईंनी पिवळ्या गोळ्या दिल्या.

"रोज एक घ्यायची. या गोळीने पेंग येते. त्यावर मोहाची फुलं अजिबात नकोत. तीही मेंदूला पेंगवतात. दोन्ही एकत्र आली, तर शरीर श्वास घ्यायलाच विसरेल."

"अजिबात म्हणजे किती?" दलसूने विचारलं.

"एकही नाही."

दलसू तडक सरपंचांकडे गेला. सरपंच कोल्हा होता आणि प्रत्येक नियमाला त्याच्याकडे पळवाट होती.

"सोपं आहे," कोल्हा म्हणाला. "गोळी सकाळी घे, फुलं दुपारी खा. दोघांची गाठच पडणार नाही."

"आणि पोटात पडली तर?"

"गोळी उजव्या गालाने गिळ, फुलं डाव्या गालाने खा."

दलसूला हे पटलं. दुसऱ्या दिवशी त्याने सकाळी उजव्या गालाने गोळी गिळली आणि दुपारी डाव्या गालाने दोन टोपल्या फुलं खाल्ली. मग तो झाडाखाली आडवा झाला.

थोड्या वेळाने त्याचं घोरणं थांबलं.

"अहो, उठा!" मैनीने त्याला गदागदा हलवलं. दलसू हलला नाही. त्याचे ओठ निळे पडले होते. मैनी किंचाळत साळूबाईंकडे पळाली.

इकडे सरपंचांनी लगेच शोकसभा भरवली.

"दलसूभाऊंनी आयुष्यात थेंबालाही स्पर्श केला नाही," कोल्हा गहिवरून म्हणाला. दुःख फार झाल्यामुळे सगळ्यांना थोडी थोडी फुलं वाटण्यात आली.

तेवढ्यात मैनीबरोबर साळूबाई आल्या. त्यांनी दलसूच्या नाकाला कान लावला.

"अहो, हा जिवंत आहे! भाषण थांबवा आणि याला कुशीवर वळवा!"

"दोनच मुद्दे राहिलेत," कोल्हा म्हणाला.

मैनीने त्याला बाजूला ढकललं आणि एकटीने नवऱ्याला कुशीवर वळवलं. मग ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. श्वास अडकला की ती ओरडे, "थांबला!" मग साळूबाई काटा टोचत. काटा लागला की दलसू एक श्वास घेई. असं संध्याकाळपर्यंत चाललं. साळूबाईंचे निम्मे काटे संपले.

अखेर दलसूने एक डोळा उघडला. मैनी त्याच्या गळ्यात पडून रडली. मग तिने त्याला एक सणसणीत चपराक दिली.

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी चौकशी केली.

"दलसू तीस वर्षं फुलं खातोय. एकदा तरी मेला का?"

"नाही!" सगळे ओरडले.

"आणि गोळी किती दिवस घेतली?"

"एकच दिवस!"

"मग दोष कुणाचा?"

"गोळीचा!"

गोळीवर बंदी आली. साळूबाईंना नदीपलीकडे हाकलण्यात आलं. जीव वाचल्याच्या आनंदात दलसूने सगळ्यांना टोपलीभर फुलं वाटली. पहिली मूठ मैनीला द्यावी म्हणून त्याने इकडे तिकडे पाहिलं. पण ती केव्हाच साळूबाईंची पेटी डोक्यावर घेऊन नदीत उतरली होती.

तात्पर्य : बाळांनो, औषधांपासून नेहमी सावध राहावं. त्यांच्यामुळे चांगली चाललेली दारू उगाच बदनाम होते.