केरबाची लाथ

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. कोडोलीच्या सप्ताहात केरबा टाळकऱ्यानं बुवांना लाथ मारली, त्याची हकिकत सांगतो.

साल पंचाहत्तर. आकारामबुवा कीर्तनात नाचता नाचता उडी घ्यायला गेले आणि डाव्या टाचेमागं फटकन आवाज झाला. बुवा खाली बसले. मागं वळून पाहतात तो केरबा.

"केरबा, लाथ मारलीस मला?"

आदल्याच दिवशी बुवांनी भर कीर्तनात आळशी माणूस म्हणून केरबाचा दाखला दिला होता. केरबा बिचारा देवाला भिऊन वागणारा. टाळ खाली ठेवून म्हणाला, "राग आलाता, बुवा. मनात व्हतं. पाय कवा उठला त्ये मलाच कळलं न्हाय."

पंचांनी त्याला टाळकऱ्यांच्या रांगेतून काढलं. आज्यापासूनची जागा गेली. तालमीचे वस्ताद तेल घेऊन बुवांची टाच रगडू लागले, तशी ती जास्तच सुजली. शेवटी केरबाच पुढं झाला. "माझं पाप मीच निस्तरतो," म्हणत त्यानं बुवांना येष्टीत घालून कोल्हापूरला आणलं.

डॉक्टरांनी बुवांना पालथं झोपवून पोटऱ्या दाबल्या. उजवं पाऊल अभंगाला मान डोलवावी तसं हललं. डावं मात्र पेंगणाऱ्या श्रोत्यासारखं ढिम्म.

"टाचेमागची घोडशीर तुटलीय. चोळलंत कशाला? पाऊल खाली वाकवून प्लास्टर घालतो. भार अजिबात टाकायचा नाही."

"लाथच तशी बसली हो," बुवा म्हणाले.

"कुणाची? ही शीर तुटली की सगळ्यांना वाटतं, मागनं कुणीतरी मारलं. परवा एकजण बायकोच्या नावानं ओरडत आला. ती माहेरी होती."

केरबाचा चेहरा उजळला. "म्हंजे मी मारली न्हाय?"

"नाही."

"बघा की बुवा. मला तर वाटलं, मारली."

बुवांनी त्याचा हात धरला. "चुकलो रं केरबा. पर उद्या काला हाय. उभ्यानं कीर्तन कसं करू?"

"माझी पाठ हाय की."

काल्याच्या दिवशी बुवांनी पंचांना सगळं सांगितलं, आणि केरबानं त्यांना पाठीवर घेऊन अशी पावली धरली की अख्खा मांडव नाचला. कीर्तन संपलं. लोक पाया पडायला आले, तर बुवांचे पाय अधांतरी. मग पंचांसकट सगळे वाकले ते केरबाच्या पायांवर, आणि आशीर्वाद मिळाला वरून, बुवांचा.

केरबा आता नाही. पांडुरंगाला हात जोडाल, तेव्हा त्याचीही आठवण काढा.