चष्मेवाल्याचं पिवळं जाकीट

चष्मेवाला तिसऱ्यांदा त्याच खड्ड्यात पडला, तेव्हा बायकोने त्याच्या गुडघ्याला मलम चोळता चोळता निकाल दिला. "आता पडलात की मोटरसायकल भंगारात. लोकांना चष्मे विकता आणि स्वतःला खड्डा दिसत नाही."

"दिसला होता गं. पण डावीकडे बस, उजवीकडे डंपर. तिघांत खड्डाच जरा प्रेमळ वाटला."

विमा कंपनीने हात झटकले होते. खड्ड्याने तुम्हाला धडक दिलेली नाही, तुम्ही खड्ड्याला दिलीत, असं तिथल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं. वाकलेल्या चाकाचा खर्च खिशातून गेला. वर बायकोने चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट आणलं. ते घातल्याशिवाय किल्ली मिळेना.

सकाळी खड्डा आला तसा तो खाली उतरून गाडी ढकलू लागला. शेजारून रिक्षावाला पिवळं जाकीट बघून म्हणाला, "ओ साहेब, बघत काय बसलाय, बुजवा की."

मागून एक आजी पुटपुटल्या, "पगार तेवढा वेळेवर घेतात."

चष्मेवाल्याला आधी राग आला. मग अंगात आलं. त्याने कमरेवर हात ठेवले, नाक मुरडून खड्डा पाहिला आणि झाडाखाली पेंगणाऱ्या, रस्त्याच्या कामावरच्या माणसांकडे बोट वाकवलं. मुकादम चपला शोधत धावत आला.

"हे काय आहे?"

"खड्डा आहे साहेब."

"कधी बुजवणार?"

"आत्ता बुजवतो. पण मुरूम संपलाय. कुठून आणू?"

"कुठूनही आण. संध्याकाळी मला सपाट दिसला पाहिजे."

दिवसभर दुकानात तो गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम चढवता चढवता हेच सांगत होता. संध्याकाळी रस्ता खरंच तळहातासारखा सपाट. त्यावरून तो शीळ घालत गेला, आपल्या गल्लीत वळला, आणि चाकाखाली जमीनच नव्हती.

कमरेइतक्या खड्ड्यातून त्याने डोकं वर काढलं. काठावर मुकादम सलाम ठोकून उभा. "साहेब, या गल्लीचा मुरूम एक नंबर निघाला."

वर गॅलरीत बायको आली. "अहो, पडलात?"

"छे. पाहणी चाललीय."

"आणि गाडी उताणी का?"

"ती माप घेतेय."

"मुकादम," बायको शांतपणे म्हणाली, "गाडी वर काढा आणि भंगारात टाकून या. साहेबांचा हुकूम आहे."

मुकादमाच्या माणसांचे चार हात गाडीला लागले. चष्मेवाल्याने घाईघाईने जाकीट उतरवलं. "थांबा. मी कुणाचा साहेब नाही. मी चष्मे विकतो."

मुकादमाने त्याला वरपासून कमरेपर्यंत निरखलं. बाकीचा खड्ड्यात होता. मग त्याने जाकीट उचलून स्वतः घातलं, चेन वर ओढली आणि फावडं पुढे केलं.

"सकाळपर्यंत खड्डा बुजला," वरून आवाज आला, "तर तुम्ही पडलाच नाहीत असं धरीन."

चष्मेवाल्याने फावडं घेतलं. "पण मुरूम कुठून आणू?"

मुकादमाने कमरेवर हात ठेवले. "कुठूनही आण. सकाळी मला सपाट दिसला पाहिजे."