राखेच्या राणीचे कान

पासपोर्टचे फोटो काढून काढून मामा थकले होते. कामाने नव्हे; त्या कामात थकण्यासारखं काही नसतं. गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, मामा म्हणतात, "खांदे सरळ, कान दिसू द्या, हसू नका," आणि क्लिक. मामांना थकवायचं ते पुढचं मिनिट. फोटो हातात पडला की गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. कोणी म्हणायचं, हा मी नाहीच. कोणी म्हणायचं, असू दे, कामापुरता आहे. एका बाईंनी तर तिथल्या तिथे नवऱ्याला जाब विचारला होता, मी अशी दिसते हे इतकी वर्षं सांगितलं का नाही म्हणून. दुकान बरं चाललं होतं. पण आपण काढलेला फोटो बघून एका तरी माणसाने खूश व्हावं, एवढी इच्छा मनात धरून मामा रोज शटर वर करत आणि संध्याकाळी ती तशीच घेऊन घरी जात.

त्यामुळे माझा फोटो काढाल का, असं भाचीने विचारलं तेव्हा मामा तोंडाने नको म्हणाले आणि हाताने कॅमेऱ्याची बॅग शोधू लागले.

भाची नोकरीला लागली होती, पण जीव सगळा ॲनिमेत, त्या जपानी कार्टून मालिकांत. त्यातल्या 'राखेची राणी' या पात्राचा हुबेहूब पोशाख ती कित्येक महिने ऑफिसातून आल्यावर बनवत होती. फोमचं चिलखत, दोन शिंगं, गुडघ्यापर्यंत पांढरे केस. कॉस्प्ले करणाऱ्या, म्हणजे अशा पात्रांचे पोशाख घालून मिरवणाऱ्या हौशी मंडळींच्या प्रदर्शनाला तिला फोटो पाठवायचा होता. अट एकच, फोटो उघड्यावर, नैसर्गिक उजेडात काढलेला हवा. फोटो काढणाऱ्या मित्राने ऐन वेळी टांग दिली होती आणि रविवार हा शेवटचा दिवस होता.

"मावळतीचं ऊन मागून केसांत शिरलं पाहिजे, मामा. तिचं सगळं राज्य जळून गेलंय आणि ती एकटी उभी आहे, असं."

"कान दिसतील ना?"

"मामा."

"सवयीने विचारलं गं."

मामांनी तयारीत कसूर ठेवली नाही. तळ्याकाठच्या बागेत, पंपघराजवळची जागा त्यांनी हेरली. आठवडाभर दुकान उघडण्याआधी ते तिथे जाऊन उजेड बघून येत. पाण्यावरून येणारं सोनेरी ऊन बघून त्यांना भरून आलं. राणी कुठे उभी राहील, आपण कुठे बसायचं, सगळं पक्कं झालं. गुडघे दुखतात म्हणून घरी कुरकुर चालू होती, पण कुरकुरीतही ते मधूनच शीळ घालत.

रविवारी संध्याकाळी शिंगं गाडीच्या टपाला लागू लागली, म्हणून राणी मागच्या सीटवर आडवी होऊन निघाली. बागेच्या फाटकावर वॉचमनने अडवलं आणि ओळखपत्र मागितलं. भाचीने दिलं. त्याने ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, शिंगं पाहिली, पुन्हा फोटो पाहिला.

"शिंगांचं काही नाही हो," तो म्हणाला. "पण फोटोतली बाई कोणीतरी वेगळीच आहे."

तो फोटो मामांनीच काढला होता. शेवटी नाइलाजाने त्यांना तसं कबूल करावं लागलं. वॉचमनने त्यांच्याकडे अशा सहानुभूतीने बघितलं की मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने फाटक उघडलं.

पंपघरापाशी येऊन पाहतात तर ऊन नाही. आठवडाभर मामा आले होते सकाळी. तेव्हा सूर्य तळ्याच्या बाजूला असायचा. आता तो रस्त्यापलीकडच्या उंच इमारतीमागे जाऊन बसला होता. सूर्य एकीकडून उगवतो आणि दुसरीकडे मावळतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या दुकानातला उजेड दिव्यांच्या दोन छत्र्यांमधून येई आणि सकाळी ठेवला तिथेच संध्याकाळपर्यंत राही.

दुसरी जागा शोधेपर्यंत अंधार पडला असता. घामाने गोंद सुटला आणि एक शिंग राणीच्या हातात आलं. ती चिडली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

"आता काय?" तिने इतकंच विचारलं, तेही हळू आवाजात.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पंपघराची करडी भिंत होती. तिच्यासमोर मऊ, सारखा उजेड होता, चेहऱ्यावर कुठे सावली म्हणून नाही. हा उजेड त्यांच्या ओळखीचा होता. तो बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी तिला भिंतीपुढे उभं केलं.

"खांदे सरळ. केस मागे घे, कान दिसू दे. हसू नकोस."

"हसतंय कोण," राणी म्हणाली. क्लिक.

दोघांनी फोटो पाहिला. राज्य जळालेली राणी, तुटकं शिंग छातीशी धरून, दोन्ही कान दाखवत नाकासमोर बघत होती. "हाच पाठवते," असं भाची म्हणाली, तेव्हा तिला आवडलाय की तिने हात टेकलेत, हे मामांना कळेना.

फोटो निवडला गेला. प्रदर्शनात मामा एका खांबाआड उभे राहिले. भिंतभर सूर्यास्त, उडते केस, उगारलेल्या तलवारी. लोक ते सगळं बघत पुढे येत, राणीपाशी थांबत, हसत आणि मग पुन्हा एकदा जवळून बघत. "राज्य गेल्यावर राणीलाही कुठेतरी अर्ज करावाच लागणार," कोणीतरी म्हणालं. मामा तिथून निघाले. आयुष्यात एकदा दुकानाबाहेर फोटो काढला आणि तोही पासपोर्टचाच निघाला, याचं त्यांना फार वाईट वाटलं. भाचीचा फोन आला, सगळे तुमचा पत्ता विचारताहेत म्हणून. देऊ नकोस, असं ते म्हणेपर्यंत तिने देऊनही टाकला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या एक बाई आल्या. पासपोर्ट की लायसन्स, असं मामा विचारणार, तोच बाईंनी पर्समधून दोन शिंगं काढून डोक्यावर बसवली, कपाळावर तिसरा डोळा चिकटवला आणि त्या स्टुलावर बसल्या. मामांनी मोठा सुस्कारा सोडला. खांदे, कान, हसू नका, सगळं म्हणून झालं. फोटो त्यांच्या हातात देऊन ते सवयीने पाठ वळवून उभे राहिले. मागून काहीच ऐकू येईना.

"पटला नसेल तर पुन्हा काढतो," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

बाईंनी तिसरा डोळा सांभाळत दोन्ही डोळे पुसले.

"नको," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा अगदी माझ्यासारखा आलाय."