कुजवायला ठेवलेला ओंडका

"सासरे बोलतील! नुसते बोलणार न्हाईत, मिठी मारतील!" अशी गर्जना करून नागेंद्रनं आंब्याचा ओला ओंडका न्हाणीमागं कुजत घातला.

थांबा. आधी भांडण सांगायला हवं.

नागेंद्र उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर टर्नर. लोखंडाचा केसाएवढा पापुद्रा काढणारा हात! याच हातानं त्यानं गेल्या वर्षी जांबोटीला सासुरवाडीत जांभळं पाडली. कशानं? सासऱ्यांच्या, म्हणजे भावकूमामांच्या, मासे धरायच्या गळाच्या काठीनं. जांभळं राहिली वर, काठी आली खाली. दोन तुकड्यांत! तेव्हापासून मामा समोर बसूनही लेकीमार्फत बोलायचे. "मंजू, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, त्येचा पाय माझ्या धोतरावर हाय."

म्हणून नवी काठी. हातानं केलेली. बांबू मिळाला, पण मूठ अशी हवी की मामांनी तोंडात बोट घालावं! मोबाईलवर एका माणसानं युक्ती दाखवली होती. ओलं लाकूड अंधारात दमट ठेवायचं. आत बुरशी शिरते आणि शाईनं काढल्यासारख्या काळ्या रेघा उमटवते. मग वाळवायचं, पातळ गोंद पाजून घट्ट करायचं आणि लेथवर कातायचं.

"पण वेळेत काढा," तो माणूस बजावत होता. "उशीर झाला तर लाकडाचा..."

व्हिडिओ अडकला. नागेंद्रनंही पुढं पाहिलं नाही. लाकडाचा होऊन होऊन काय होणार?

तर ओंडका ओल्या पोत्यात आणि रोज पहाटे नागेंद्र तांब्या घेऊन न्हाणीमागं. पावसाळा लागला तसं त्यानं साल खरवडून पाहिली. रेघा! "आज काढतोच!" म्हणून करवत आणायला वळला, तोवर मंजुश्रीनं पोतं उचललं आणि किंचाळली.

"अहो, अळंबी!"

पांढरीशुभ्र, कानाएवढी, घोसच्या घोस.

"बुरशी हाय ती. टाक काढून."

"बुरशी म्हणं! आमच्याकडं ही उगवायची जागा भाऊ भावाला सांगत न्हाय! लाज न्हाय वाटत?"

रात्री कालवण झालं. नागेंद्रनं ताट चाटलं, वाटी चाटली, शेवटी पळीही. "दोन दिस थांबा, बारक्या कळ्या हाईत," मंजुश्री म्हणाली. तो थांबला. कळ्या संपल्या की नव्या यायच्या. करवत निघाली की मंजुश्री आडवी यायची. मूठ आत कुजत होती आणि सासऱ्यांची मिठीही.

एक वाटी शेजारच्या शालूबाईंकडं गेली.

"कुठं घावली गं?"

"घावली."

झालं! गल्लीनं ओळखलं, नागेंद्रला जागा ठाऊक आहे! पहाटे अंधारात तांब्या घेऊन कोण उठतंय? त्यो! दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटरसायकलमागं गल्लीतल्या सगळ्या मोटरसायकली. वरातच! वाटेत तो लघवीला झुडपामागं गेला. बाहेर येतो तर मंडळी आत घुसून पाला विस्कटतायत.

"हितंच काय रं?" गल्लीतल्या गुंडूनं विचारलं.

"काय हितंच?"

"बघा, सांगत न्हाय! म्हंजे हितंच!"

बातमी एसटीत बसून जांबोटीला गेली आणि परतीच्या एसटीनं भावकूमामा आले. छत्री न मिटताच दारात.

"मंजू, तुझ्या नवऱ्याला इच्यार, माझी जागा त्येला कुणी सांगितली?"

ही जागा मामांना त्यांच्या वडिलांनी मरताना सांगितली होती. मामांनी ती फक्त लेकीला सांगितली. लग्नात, अक्षता पडताना, कानात!

"आप्पा, मी न्हाय सांगितली!"

"मग अळंबी काय न्हाणीत उगवली?"

"व्हय!" दोघं एकदम म्हणाली.

मामांना ही थट्टा वाटली. ते निघालेच! आता मिठी कसली, सोयरीकच तुटायची वेळ. नागेंद्रनं धावत जाऊन ओंडका उचलून आणला, त्यांच्या पायापाशी ठेवला आणि करवतीनं टोक कापलं. "मामा, ही तुमच्या काठीची मूठ! बघा तर!"

काय रेघा होत्या! डोंगर, ओढे, पायवाटा... नागेंद्रनं अभिमानानं अंगठा टेकवला. अंगठा आत गेला. चहात बुडवलेली खारीच! व्हिडिओतलं ते अर्धं वाक्य असं पुरं झालं.

नागेंद्र मटकन खाली बसला. भावकूमामाही बसले, पण ओंडक्याच्या दुसऱ्या बाजूला. त्यांनी एकेक कळी न्याहाळली, ओंडका बाळंतिणीच्या पोरासारखा खांद्यावरच्या घोंगड्यात गुंडाळला आणि जावयाच्या थेट डोळ्यांत पाहिलं.

"जावईबापू, पाणी किती घालता?"

थेट! मधी मंजू न्हाय, कोण न्हाय! मंजुश्रीच्या हातातली पळी पडली.

"तांब्याभर. पण मामा, काठी..."

"काठी घाला चुलीत! पाण्यात उभारून कंबर धरतीया माझी. ह्ये तर बसल्या जागी उगवतंय!"

आणि मिठी मारली. ओंडक्यासकट!

ओंडका खिडकीची जागा पकडून जांबोटीला गेला. आता मामा रोज फोन करतात, जावयाशीच बोलतात, थांबतच नाहीत. काल म्हणाले, "जावईबापू, तुमच्या हाताला गुण हाय. घरात आनी काय कुजवता येतंय का बघा की!"

नागेंद्र हसला. मंजुश्री हसली नाही. ती सागवानी पलंगाकडं बघत होती.