सासूबाई, हॉर्न आणि एकोणीस ओळींचा ऑइल कूलर

गाड्यांच्या बाबतीत मी चुकत नाही. स्वतःच सांगतोय म्हणून कुणाला फुशारकी वाटेल, पण आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुणालाही विचारा. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाच्या शेजारी हाताची घडी घालून जो उभा असतो, तो मी. त्यामुळे सासऱ्यांची जुनी गाडी माझ्याकडे आली, तेव्हा ती योग्य हातांत पडली याबद्दल निदान माझ्या मनात तरी शंका नव्हती.

सासरे गेले, सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांच्या मागोमाग ही गाडी आली. किल्ली माझ्या हातात ठेवताना त्यांनी दोन अटी घातल्या.

"आत काय उलथापालथ करायची ती करा. पण बाहेरून ती ह्यांचीच दिसली पाहिजे. आणि हॉर्न ह्यांचाच राहिला पाहिजे."

सासरे कामावरून येताना गल्लीच्या कोपऱ्यावर दोनदा हॉर्न वाजवायचे आणि सासूबाई दार उघडायला उठायच्या. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. आता आमच्या कोपऱ्यावर मी तसाच दोनदा वाजवायचो. वर दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून दिवसभर खुर्चीत बसलेल्या सासूबाई तेवढ्यासाठी उठायच्या, दार उघडायच्या आणि "आलात?" म्हणायच्या. एरवी त्यांना जेवायलासुद्धा हात धरून उठवावं लागे.

"आई दिवसभरात आपणहून उठते ती तेवढीच," बायको म्हणायची, आणि म्हणताना दुसरीकडे बघायची. त्या हॉर्नवर काय अवलंबून आहे हे मला सांगायला नको होतं.

तर आतली उलथापालथ. मी इंजिनाला टर्बो बसवून घेतला. गाडी पळू लागली. मग टर्बोवाल्या गाडीत इंजिनाच्या ऑइलचं तापमान कळलं पाहिजे, म्हणून एक मीटर बसवला. तेव्हापासून माझी झोप उडाली. ऑफिसच्या वाटेवरचा उड्डाणपूल चढला की काटा एकशेतीसवर!

"मीटर नव्हता तेव्हा तापत होतं का?" बायकोनं विचारलं.

"असणारच. पण तेव्हा कळत नव्हतं."

"मग तेव्हाच बरं होतं."

असल्या अडाणी बोलण्याकडे लक्ष न देता मी ऑइल कूलर घ्यायचं ठरवलं. त्यात अवघड काही नसतं. इंजिनातलं गरम ऑइल पाइपातून बाहेर न्यायचं, समोरच्या वाऱ्यात ठेवलेल्या, बारीक नळ्यांच्या ओळी असलेल्या एका जाळीदार पेटीतून फिरवायचं आणि थंड करून परत आत सोडायचं.

दुकानदारानं दोन प्रश्न विचारले. "शर्यतीत उतरता?" नाही म्हटलं. "डोंगर चढता?" त्यालाही नाही. "मग दहा ओळींचा घ्या. भरपूर झाला."

मी एकोणीस ओळींचा घेतला. तिघांच्या घरात वीस माणसांचा कुकर आणणारी माणसं असतात, त्यांच्याबद्दल मला पूर्वी काय वाटायचं ते आता बोलत नाही.

गॅरेजवाल्याला आम्ही होईलभाऊ म्हणतो, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर 'होईल' एवढंच असतं. त्यानं कूलर पुढच्या जाळीमागे धरून पाहिला आणि पहिल्यांदाच 'होईल' म्हणाला नाही.

"बसत नाही," तो म्हणाला. "बंपर कापावा लागेल. नाहीतर हॉर्न हलवावे लागतील."

"हॉर्न हलवावे? किती आहेत?"

"दोन. एक बारीक आवाजाचा, एक जाड. एकदम वाजतात."

गाड्यांच्या बाबतीत न चुकणाऱ्या मला हे नवीन होतं. पण बंपर कापला तर बाहेरचं रूप बदलणार, म्हणजे पहिली अट मोडणार. आणि हॉर्न नुसता हलवला तर तो सासऱ्यांचाच राहतो. कायद्याच्या दृष्टीनं माझी बाजू भक्कम होती.

"हलव," मी म्हणालो. "होईल ना?"

"होईल."

झालं असं, की चाकाच्या वरच्या पोकळीत एकच हॉर्न मावला, बारीक आवाजाचा. जाड आवाजाचा होईलभाऊनं फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवला.

संध्याकाळी कोपऱ्यावर मी नेहमीसारखा दोनदा हॉर्न दाबला. शेळीचा पाय दारात सापडावा तसा आवाज आला. गाडी मागच्या अंगणात लावून वर गेलो, तर दार बंद. माझ्या किल्लीनं उघडलं. सासूबाई खुर्चीत तशाच बसलेल्या.

"तुम्ही कधी आलात?" त्या म्हणाल्या. "हॉर्न ऐकू नाही आला."

"आज वाजवायचा राहिला," मी म्हणालो.

 त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मला रात्री जेवतानाही गिळवेना.

दुसऱ्या दिवशी वायर सुटल्याचं सांगितलं, तिसऱ्या दिवशी फ्यूज गेल्याचं. तोवर माझ्या डोक्यात तोडगा तयार झाला होता. डिकीतला हॉर्न डिकीतच जोडायचा. दोन्ही एकदम वाजले की आवाज पूर्वीचाच. होईलभाऊ होईल म्हणाला.

परत येताना पुढं एक कुत्रं आडवं आलं, म्हणून मी हॉर्न दाबला. कुत्रं हललं नाही. मागचा स्कूटरवाला मात्र आडवा झाला. तो उठला, कपडे झटकले आणि माझ्या काचेपाशी आला.

"मी तुमच्या मागे होतो," तो अत्यंत शांतपणे म्हणाला. "मी तुमचं काय केलं होतं?"

"तो तुमच्यासाठी नव्हता. कुत्र्यासाठी होता."

हे वाक्य उच्चारल्यावर ते कसं ऐकू जातं, हे मला कळलं. माणूस सज्जन, म्हणून थोडक्यात सुटलो. कोपऱ्यावर दोनदा वाजवून घरी पोचलो तर सासूबाई दारात उभ्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

"आई, ऐकू आला ना हॉर्न?"

"दोन गाड्यांचं कुठं भांडण चाललं होतं, तेवढं ऐकलं," त्या म्हणाल्या. त्यांना बोलवत नव्हतं. धाप लागली होती, कपाळावर घाम होता, हात चौकटीवर टेकलेला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. दारात उभ्या, आणि श्वास वर-खाली. बायको कामावरून माझ्यानंतर यायची; ती आल्यावर मी तिला सांगितलं. ती पांढरी पडली.

"खुर्चीत बसल्या बसल्या धाप?"

"हो."

"बाबांचंही असंच सुरू झालं होतं." मग तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "हॉर्नचं काय केलंयस तू?"

मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती फक्त म्हणाली, "माझ्या आईला उठायला एवढं एकच कारण उरलं होतं रे." त्या क्षणी मला एकोणीसच्या एकोणीस ओळींची मनापासून लाज वाटली. तिनं डॉक्टरांची वेळ घेतली आणि मी अर्धी रजा टाकून गॅरेज गाठलं.

"कूलर काढ," मी म्हणालो. "हॉर्न होते तिथं बसव."

होईलभाऊला वाईट वाटलं असावं. "पण तुमचं तापमान? कूलर लावल्यावर काटा किती उतरला?"

इथं मला आठवलं, की या गडबडीत मी मीटरकडे पाहिलंच नव्हतं. गाडी चालू करून, पूल चढून आलो. काटा एकशेतीस. एकोणीस ओळी लावून एक डिग्री खाली नाही. मला शंका आली. कूलरबरोबर मीटरचं ऑइलमध्ये बुडणारं टोकही काढलं आणि तारेसकट उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बुडवलं. काटा सुरसुरत गेला तो एकशेतीसवर जाऊन थांबला.

 पाणी शंभरावर उकळतं, हे मी शाळेत शिकलो होतो. ऑइल कधी तापलंच नव्हतं. तापलं होतं ते माझं डोकं, आणि त्यावर कूलर मिळत नाही.

दोन्ही हॉर्न जागेवर गेले. गॅरेजमधून घरी यायचं म्हणजे पलीकडच्या रस्त्यानं, आणि वेळही नेहमीपेक्षा आधीची. कोपऱ्यावर गाडी वळवली आणि श्वास रोखून दोनदा हॉर्न दाबला. तोच आवाज, बारीक आणि जाड एकत्र, अगदी सासऱ्यांचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढ्या जवळून काय वाजवता?" गाडीच्या खिडकीशी कुणीतरी म्हणालं. "बहिरी नाही मी."

सासूबाई होत्या. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला टेकून, पायांत चपला, हातात माझ्या बायकोची छत्री.

"आई, तुम्ही इथं? एकट्या?"

"हॉर्न येईना, मग तुम्ही आलात ते कळणार कसं? म्हणून रोज आधीच खाली उतरते. गाडी दिसली की तुम्ही ती मागे लावेपर्यंत वर जाऊन दारात उभी राहते. आज तुम्ही भलत्याच बाजूनं आलात." त्यांनी आवाज खाली आणला. "लेकीला सांगू नका. एकटीनं जिना उतरले म्हणून रागावेल. दोन मजले धावत चढायचे म्हणजे दम लागतो हो."

मी दार उघडलं. त्या पुढं बसल्या, सासरे होते तेव्हा बसायच्या तिथं. समोरच्या काचेवरून त्यांनी एकदा हात फिरवला.

"हॉर्न पूर्वीसारखा झालाय, आई," मी म्हणालो. निदान एवढं श्रेय मला मिळायला हरकत नव्हती.

"कळलं. उद्यापासून वाजवू नका."

"पण तुम्हीच तर..."

"मी इथं उभी असते ना. माणूस समोर दिसत असताना हॉर्न कशाला? ह्यांनाही आयुष्यभर हेच सांगत आले, नका वाजवू, मी खिडकीतच असते. त्यांनी कधी ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐका."